किल्ल्याच्या गेममधला बांध

एस.टी.त भांडायचं म्हणजे गळा कमावलेला लागतो. इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट, मागच्या बाकावर भोकाड पसरलेलं कुणाचं तरी पोर, या सगळ्याच्या वरून आपला टोमणा पार ड्रायव्हरपर्यंत पोचला पाहिजे. मला ते जमायचं. बारावी होऊन घरी बसलेला होतो आणि अंगात नाटक भरलेलं होतं. गावात रंगमंच नव्हता, म्हणून मी जामखेडच्या एस.टी.चा करून टाकला होता.

"काही लोकांचं कसं असतं बघा," मी शेजारच्या म्हाताऱ्याला सांगायचो, पण आवाज सोडायचा पुढच्या बाकासाठी. "नांगर धरला की त्यांना दिसायचंच बंद हुतं. बांध कुठला, रान कुठलं, काय कळत न्हाई."

पुढच्या बाकावर माझा चुलत भाऊ बसलेला असायचा. तो मान वळवायचा नाही. खिडकीबाहेरच्या बाभळींना उद्देशून म्हणायचा, "काही लोकांच्या घरात आरसा नसतो वाटतं."

गाडीत खसखस पिकायची. म्हातारा मांडीवर थाप मारायचा. आमच्या गावचे चार-दोन लोक गाडीत असायचेच. ते संध्याकाळपर्यंत दोन्ही टोमणे दोन्ही घरांत पोचवायचे, आणि पोचवताना थोडं तिखटमीठ पदरचं घालायचे. रात्री ताटावर बसल्यावर आप्पा, म्हणजे माझे वडील, आईला म्हणायचे, "ह्याला लोणी वाढ गं. आज येष्टीत लई बोलला म्हनं त्याला." तिकडे तात्या, म्हणजे माझे चुलते, आपल्या पोराला काय वाढत होते ते मला दुसऱ्या दिवशी कळायचं. कारण जामखेडच्या स्टँडवर उतरून, कोपऱ्यावरचं दुकान ओलांडून, गावचं कुणी दिसत नाही असं पाहिलं की आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून खदखदा हसत सुटायचो.

"आरसा चांगला हुता," मी म्हणायचो.

"तुझा नांगरबी बरा हुता. पर तेच तेच व्हतंय लेका. उद्या विहिरीवर बोल. मी मोटारीवर बोलतो."

आप्पा आणि तात्या सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा विहीर सामाईक राहिली, पाण्याच्या पाळ्या ठरल्या आणि रानाच्या मधोमध बांध पडला. आमच्याकडे बांध एका रात्रीत कुणी सरकवत नाही. दर नांगरटीला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, तेवढाच कोरायचा. समोरच्यानं विचारलं तर "बैल वढतो त्याला मी काय करू" म्हणायचं. आप्पांच्या मते तात्या कोरत होते, तात्यांच्या मते आप्पा. मी जाणता व्हायच्या आधीच दोघांचं बोलणं बंद झालेलं होतं आणि त्यांच्यामागं दोन्ही घरांचं. आम्हा पोरांनाही एकमेकांच्या ओट्यावर पाय ठेवायला बंदी.

मग तात्यांनी पोराला जामखेडला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. हे कळल्याबरोबर आप्पांनी मलाही घातलं. कॉम्प्युटर हे काय असतं, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. भावाच्या घरी जे आलं ते आपल्याकडे आलंच पाहिजे, एवढं ठाऊक होतं. भाऊबंदकीनंच आम्हाला एका बाकावर आणून बसवलं.

म्हणून त्या क्लासात मला कॉम्प्युटरपेक्षा तो जास्त महत्त्वाचा होता. गावात मित्र म्हणावा असा मला दुसरा कुणी नव्हता. आमचं बोलणं घरी कळलं असतं तर क्लास त्याच दिवशी बंद, आणि आम्ही पुन्हा बांधाच्या दोन बाजूंना. एस.टी.तलं ते भांडण म्हणजे आमच्या दोस्तीवर घातलेलं पांघरूण होतं.

क्लास खतांच्या दुकानाच्या वर होता. जिन्यात युरियाचा वास आणि वर उदबत्तीचा. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर, आणि दसऱ्याला वाहिलेलं हळदकुंकू मशीनच्या डब्यावर अजून तसंच. सर टाय बांधायचे आणि अनवाणी फिरायचे. शनिवारी दुपारी बाकीची पोरं बाजारात पांगली की ते दार लोटून घ्यायचे, दोन कॉम्प्युटर तारेनं जोडायचे आणि म्हणायचे, "चला, आता प्रॅक्टिकल." त्यांच्या मेहुण्यानं पुण्याहून एक सीडी आणली होती. तिच्यावर नाव नव्हतं, निळ्या शाईनं नुसतं 'किल्ला' लिहिलेलं होतं.

तोवर माझ्या डोक्यात किल्ला म्हणजे खर्ड्याचा. शाळेची सहल न्यायची, आत शेळ्या चरत असायच्या आणि तटावर बसून आम्ही डबे खायचो. हा किल्ला निराळा होता. सुरुवातीला सगळा पडदा काळा. मध्ये दिव्याच्या उजेडाएवढं हिरवं रान, त्यात एक घर आणि चार-दोन माणसं आपली वाट बघत उभी. माणसाला पुढं धाडलं की काळं मागं सरकायचं आणि त्यातून झाडं निघायची, मेंढ्या निघायच्या, एखादं तळं निघायचं. पलीकडच्या काळ्यात कुठंतरी लाल निशाणाचा राजा बसलेला आहे, तो कधीतरी येणार, एवढंच सरांनी सांगितलेलं. मला त्या काळ्याची पोटातून भीती वाटायची, आणि ती भीती भयंकर आवडायची.

लाकूड तोडायचं, दगड फोडायचा, धान्य पिकवायचं, त्यावर शिपाई पोसायचे. घोडेस्वार निघाले की टापा वाजायच्या. मोठाली गोफण ओढत आणून तटावर धोंडे टाकता यायचे. कुठल्याही माणसावर बोट दाबलं की तो त्याच्या मुलखातल्या, कधी न ऐकलेल्या भाषेत पुटपुटायचा. त्या पुटपुटण्याचं मराठी करायचं काम मी आपणहून घेतलं. "मालक, तंबाखूची पुडी दिली तरच झाड तोडीन." "आवं पाटील, सकाळपास्नं खणतुया, भाकर तरी येऊ द्या." गावातल्या एकेका माणसाचा आवाज मी त्या शेतकऱ्यांना वाटून टाकला. भाऊ हसून हसून टेबलावर डोकं टेकायचा, आणि सर म्हणायचे, "हळू, खाली खतवाले वर येतील."

भाऊ मात्र शेतावर अडून बसायचा. गेममधलं शेत आखलं की लगेच पिकायचं.

"सर, ह्याला पानी कुठनं?"

"गेम आहे रे तो."

"पर पाऊस न्हाई, पाट न्हाई, बैल न्हाई. नुसतं कुदळ मारतोय आन पीक येतंय." तो खरोखर अस्वस्थ झाला होता. त्यानं आपली सगळी शेतं उठवली आणि तळ्याकाठी नेऊन आखली. त्याचा गेमला काही उपयोग नव्हता. पण मला ते पटलं. मीही माझी शेतं तळ्याच्या अलीकडच्या काठाला नेली. रानं शेजारी शेजारी आल्यावर आम्ही दोघांनी, एकमेकांना न विचारता, पुढचं काम तेच केलं. मधोमध लाकडी कुंपण घातलं.

सर मागं येऊन उभे राहिले. "तुम्ही दोघं एकाच बाजूचे आहात ना?"

"व्हय सर."

"लाल राजा दोघांचाही दुश्मन?"

"व्हय."

"मग मध्ये कुंपण कशाला?"

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की यांच्या घरी जमीन नाही वाटतं. "सर," भाऊ समजावत म्हणाला, "बांध नको का?"

पुढं किती शनिवार गेले ते आठवत नाही. आम्ही हरायचो, पुन्हा मांडायचो, आणि दर वेळी पहिलं लाकूड बांधाला जायचं. बांधाशिवाय रान आम्हाला रानच वाटायचं नाही. एस.टी.त माझे टोमणे आता फार वरच्या दर्जाचे झाले होते. घरी लोणी चालू होतं. इतकं सुख मला सोसणार नाही, असं मला तेव्हाही अधूनमधून वाटायचं.

मग एका शनिवारी आमचं फारच छान जमलं होतं. माझा दगडी किल्ला उभा राहिला, बाहेर घोडेस्वारांची रांग लागली. भावाची शेतं पिवळी धमक. लाल राजा आला तो भावाच्या बाजूनं आला. काळ्यातून एकदम भाले निघाले.

"आला!" भाऊ ओरडला. "घोडी सोड!"

मी सोडली. घोडी दौडत गेली आणि थांबली. पुढं आमचा बांध होता. डावीकडे गेली, तिथंही बांध. या टोकाच्या डोंगरापासून त्या टोकाच्या जंगलापर्यंत आम्ही तो अगदी नेटका घातला होता आणि त्याला दार ठेवायचं दोघांच्याही मनात आलं नव्हतं. बांधाला कुठं दार असतं? पलीकडून भावाचे शेतकरी माझ्या किल्ल्याच्या आसऱ्याला पळत आले आणि तेही बांधाला येऊन थटले. अलीकडे घोडी, पलीकडे माणसं, मध्ये कुंपण.

"तोड की! तुझ्याकडनं तोड!"

"तू तोड, तुझी माणसं मोकळी हायत."

"मी का तोडू, बांध तू घातलायस!"

"मी?" आणि मी पहिल्यांदाच त्या बांधाकडे नीट पाहिलं. आम्ही तो घातला होता तळ्याच्या दोन्ही टोकांना, मधोमध आणून भिडवून. आता तो तळ्याच्या अलीकडून, माझ्या काठावरून जात होता. मी घोड्यांच्या नादात असताना तो मागचं कुंपण काढत आला होता आणि पुढं घालत आला होता. थोडं थोडं.

"तळं कुठं गेलं?" मी विचारलं.

"कुठं गेलं? हाय की तिथंच."

"बांधाच्या पल्याड हाय."

"मग? तळं सामाईकच हुतं."

"अर्धं माझ्या वाटणीचं हुतं."

हे शब्द तोंडातून गेले आणि मला आप्पांचा आवाज ऐकू आला. मी नकला करणारा माणूस. आवाज माझ्या पटकन लक्षात येतात. हा आवाज मी काढलेला नव्हता. तो आपोआप आला होता.

भाऊही थबकला. मग म्हणाला, "आप्पासारखाच बोलाया लागला की."

"आन तू तात्यासारखाच कोराया लागला."

पडद्यावर त्याची माणसं एकेक करून पडत होती. पडताना ती पुटपुटायची तसाच एक लहानसा आवाज करायची. तो आवाज मी कधी मराठीत आणला नव्हता. आम्ही दोघंही पडद्याकडे बघत होतो आणि दोघांचेही हात मांडीवर होते.

"अरे, निदान कुणीतरी बटण दाबा," सर मागून म्हणाले.

कुणी दाबलं नाही.

परतीच्या एस.टी.त तो पुढं बसला, मी मागं. नेहमी बसायचो तसेच. गाडीत कुणालाही काही निराळं दिसलं नाही. मी मात्र त्याच्या मानेकडे बघत होतो आणि ती मान आज नाटक करत नव्हती. फाटा जवळ आला तसा शेजारचा म्हातारा मला कोपरानं ढोसून म्हणाला, "आज गप का रं? बोल की कायतरी. वाट बघून बघून फाटा आला."

मी काहीतरी बोललो. विहिरीवर. लोक हसलेही. तो उतरून निघून गेला.

सोमवारपासून क्लासात त्याची खुर्ची रिकामी. सरांनी सांगितलं, त्यानं सकाळची बॅच मागून घेतली. शनिवारी मला त्यांनी मशीनबरोबर खेळायला बसवलं. आता मशीन माझ्या बाजूचं होतं. ते वेळेवर फौज पाठवायचं, तळ्याला हात लावायचं नाही आणि शेतकऱ्यांचा आवाज काढला तर हसायचंही नाही. मी काही दिवसांनी खेळणं सोडलं. आप्पा मात्र खूश होते. तात्याच्या पोरानं बॅच बदलली, म्हणजे माझ्यापुढं टिकलं नाही, असा त्यांनी अर्थ लावला आणि गावभर तो सांगितला. इतके दिवस आम्ही खोटं भांडलो तेव्हा मला लोणी गोड लागायचं. आता भांडण खरं झालं होतं आणि ते घशाखाली उतरेना.

अशातच आईनं मला एकदा दळण आणायला गिरणीत धाडलं. गिरणीत काकी उभी होती, भावाची आई. आमच्या दोन्ही घरच्या बायका समोर आल्या की पदर सारखा करून दुसरीकडे बघायच्या. काकीनंही तेच केलं. चक्की सुरू होती. त्या धडधडाटात शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. काकीनं खाली पडणाऱ्या पिठात हात धरला, पीठ बोटांनी चोळून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता, जणू पिठाशीच, बोलायला लागली.

"येष्टीतलं तुमचं भांडन खोटं हुतं, व्हय ना?"

"काकी..."

"गप ऐक. त्यो रोज घरी येऊन तुझी नक्कल करायचा. तात्या रानात गेलं की मला करून दावायचा, आज आसं म्हनला, आज तसं म्हनला. हसून हसून पोट धरायचा. दुश्मनाच्या बोलन्यावर कुनी आसं हसतं का?" तिनं हात झटकला. "आता घरी येतो तवा भिताडाकडं तोंड करून बसतो. इचारलं तर म्हनतो कायतरी तळ्याचं. आपल्या रानात तळं कुठंय रं?"

"गेममधलं हाय, काकी."

"कशातलं?"

चक्कीच्या आवाजात मी तिला ओरडून काय सांगणार होतो? म्हणालो, "खेळातलं."

काकीनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "खऱ्या इहिरीवरनं म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली. तुमी खेळातल्या तळ्यावरनं?" मग पुन्हा पिठाकडे वळली. "तुझ्या आईला समदं सांगितलंय मी. आमी दोघी जावा इथंच बोलतो, चक्की चालू आसली की. तुमच्या दोघांच्याच आशेवर हुतो आमी."

चक्की थांबली. काकीनं डबा डोक्यावर घेतला आणि मी तिथं नाहीच अशी निघून गेली. इतकी वर्षं मी स्वतःला घरातला नट समजत होतो.

गिरणीनंतरच्या सोमवारी मी सकाळच्या गाडीला गेलो. ती गाडी फाट्यावर येते तेव्हा आप्पा रोज दूध घालायला तिथंच असतात, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून दोन दिवस धीर होत नव्हता. चढलो. भाऊ खिडकीशी बसला होता. शेजारची जागा मोकळी होती आणि मागं अख्खी गाडी मोकळी होती.

"सरक," मी म्हणालो.

"मागं जागा हाय की."

"हितं बसायचंय."

तो सरकला नाही. मी अर्ध्या बाकावर, एक पाय बाहेर काढून, तसाच टेकलो. खिडकीतून दूध डेअरीचा ओटा दिसत होता. आप्पा हातात चहाची बशी घेऊन उभे होते. त्यांनी आम्हाला पाहिलं. बशी तोंडाजवळच राहिली.

"आप्पा बघत्यात," भाऊ हळू आवाजात म्हणाला.

"दिसतंय."

"ऊठ. अजून येळ हाय. म्हन, चुकून बसलो."

"न्हाई उठत."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी वळून डांबरीला लागली तेव्हा भाऊ खिडकीकडे सरकला. मी पाय आत घेतला. एवढं अवघड, इतक्या जवळून, आम्ही आयुष्यात कधी गप्प बसलो नव्हतो. उतरताना तो म्हणाला, "तळ्याचं माझं चुकलं असंल. पर दार तूबी ठेवलं न्हवतंस." मी "व्हय" म्हणालो. गळ्यात हात कुणी टाकला नाही. नुसते बरोबर चालत जिना चढलो.

संध्याकाळी आप्पांनी माझ्याकडे न बघता आईला सांगितलं, "त्याला म्हनावं, क्लास बास झाला. उद्यापास्नं रानात यायचं."

आई भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, निखाऱ्याला लावली, फुगू दिली. मग मला विचारलं, "उद्या डब्याला काय देऊ? मेथी चालंल का त्याला?"

त्याला. आप्पांनीही ते ऐकलं. त्यांनी ताटातच हात धुतला, कोपऱ्यातलं कांबळं उचललं आणि ते रानातल्या वस्तीवर झोपायला निघून गेले. त्या वर्षीची सुगी होईपर्यंत ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. काही सांगायचं असलं की आईला सांगायचे आणि मी समोरच बसलेला असायचो. लोणी बंद झालं. मेथीचा डबा रोज दोघांना पुरेल एवढा यायचा.